सोयीची कलमे

प्रस्तावना

पुण्यात १७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात झालेल्या तहाचे सतरावे कलम १९५९च्या उत्तरार्धात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात शब्दाशब्दाने तपासले जात होते. पोर्तुगीजांच्या दोस्तीखातर दमणच्या बाजूची बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांना लावून द्यावीत, असा त्या कलमाचा आशय. त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५च्या मराठी सनदांनी गावे दिली गेली; आधी नगर हवेली, मग दादरा. पावणेदोनशे वर्षांनी प्रश्न उभा राहिला तो असा, की पेशव्यांनी दिले ते नेमके काय? पोर्तुगालचे म्हणणे, मुलूख दिला आणि त्यावरची सत्ताही दिली. भारताचे म्हणणे, दिला तो फक्त वसूल; तो सरंजाम होता, आणि सरंजामदार काही राजा होत नाही. दोन्ही पक्षांनी नेमलेले धरून पंधरा न्यायाधीश नाना फडणविसांच्या काळातल्या कारकुनी मराठीतून विसाव्या शतकाचे उत्तर शोधत होते.

मराठी वाचकाला दादरा-नगर हवेली ठाऊक आहे ती वेगळ्या वाटेने. २२ जुलै १९५४ला दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला नगर हवेलीतले सिल्वासा. त्या मोहिमेत आझाद गोमंतक दल होते, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स होती, संघाचे स्वयंसेवक होते, सुधीर फडक्यांसारखा गायक-संगीतकार होता आणि मोहिमेला पैसा उभा राहावा म्हणून पुण्यात लता मंगेशकरांचे गाणे झाले होते. ही गोष्ट आपण हौसेने सांगतो आणि सांगावीही. त्यानंतर साडेपाच वर्षांनी लागलेला निकाल मात्र कोणी सांगत नाही. कारण त्या निकालात आपण धड जिंकलोही नाही आणि हरलोही नाही. आणि अशा निकालाचा पोवाडा होत नाही.

राष्ट्रे कायदा मोडतात, हे सांगायला पुस्तक लागत नाही. पुढील पानांचा रोख त्याहून अवघड प्रश्नावर आहे. भूभागाच्या वादात राष्ट्रे कायद्याचाच आधार घेतात, पण कोणत्या कायद्याचा, कोणत्या तारखेच्या आणि कोणासमोर, हे दर वेळी नव्याने ठरवतात. शेताच्या बांधाचा वाद ज्याने जवळून पाहिला आहे त्याला हे नवे वाटणार नाही. एक भाऊ मोजणीचा नकाशा आणतो, दुसरा वहिवाट सांगतो. शेजारच्या गटात मात्र नकाशावाला वहिवाटीवर येतो आणि वहिवाटवाला तालुक्याला मोजणीचा अर्ज देतो. दोघेही खोटे बोलत नसतात. दोघांच्या कागदांत काही ना काही तथ्य असते, आणि म्हणूनच तो वाद वर्षानुवर्षे चालतो.

हेगचा खटला मुळात जमिनीचा नव्हता, वाटेचा होता, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. दमण समुद्रकाठी, आणि दादरा व नगर हवेली आत. चहूबाजूंनी भारताच्या मुलखाने वेढलेली. मधले अंतर काही कोसांचे. इंग्रजांच्या काळात दमणचा पोर्तुगीज अधिकारी, व्यापारी, मालाच्या गाड्या या पट्ट्यातून ये-जा करत. शिपाई आणि दारूगोळा न्यायचा तर परवानगी लागे. १९५४च्या जुलैत वातावरण तापले तशी भारताने ही वाट बंद केली. दमणहून कुमक पोहोचली नाही आणि आतली ठाणी पडली. पोर्तुगालने दावा लावला तो ‘आमची वाट अडवली’ एवढाच. मुक्तिवीरांनी ठाणी घेतली हे बरोबर की चूक, हा प्रश्न न्यायालयापुढे सरळ आलाच नाही. दावा कसा मांडावा याचे हे चतुर उदाहरण आहे. गोवा, वसाहतवाद, साडेचारशे वर्षांचा इतिहास, हे सगळे बाजूला ठेवून लिस्बनने फक्त रस्ता मागितला.

दावा दाखल करण्याची वेळही तितकीच हुशारीने निवडलेली. १४ डिसेंबर १९५५ला पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य असल्याचे जाहीर केले. २२ डिसेंबरला भारतावर दावा दाखल. मधे तीन दिवस. भारताने तक्रार केली, की समोरच्याने काय लिहून दिले आहे हे कळायच्या आतच आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. शिवाय त्या पोर्तुगीज घोषणेत एक मखलाशी होती: कोणत्याही प्रकारचे वाद आपण केव्हाही कळवून या अधिकारातून वगळू शकू. म्हणजे दार आपल्याला हवे तेव्हा उघडे, हवे तेव्हा बंद. भारताने एकूण सहा प्राथमिक आक्षेप घेतले. २६ नोव्हेंबर १९५७ला न्यायालयाने चार फेटाळले आणि दोन मुख्य सुनावणीसाठी राखून ठेवले. तीन दिवसांची युक्ती चालून गेली.

यातून भारत काय शिकला? न्यायालयाचा अधिकार मान्य करणारी भारताची घोषणा १९४० सालची, म्हणजे इंग्रजांच्या अमलातली होती. दावा दाखल होताच, जानेवारी १९५६मध्ये ती मागे घेण्यात आली. पुढे २०१९पर्यंत लागू होती ती १९७४ची घोषणा. तिच्यातले अपवाद वाचत गेले की अनुभवी शेतकऱ्याने बांधावर लावलेले काटे दिसतात. राष्ट्रकुलातल्या देशांशी वाद नको. सरहद्दीचा, प्रदेशाच्या दर्जाचा वाद नको. युद्धप्रसंगाशी संबंधित वाद नको. आणि ज्या देशाने न्यायालयाचा अधिकार दावा लावण्याआधीच्या बारा महिन्यांत मान्य केला असेल, त्याचा दावा नको. हा शेवटचा काटा थेट पोर्तुगालच्या पायात रुतावा म्हणून लावलेला आहे. फक्त तोपर्यंत पोर्तुगाल निघून गेला होता. राष्ट्रकुलाचा अपवाद मात्र पुढे कामी आला. १९९९ साली कच्छच्या रणावर भारताने पाडलेल्या पाकिस्तानी नौदलाच्या विमानाचा दावा २००० साली न्यायालयाने त्याच अपवादावर बोट ठेवून ऐकायला नकार दिला. आणि २०१७ साली कुलभूषण जाधवांसाठी भारतच पाकिस्तानविरुद्ध हेगला गेला, तो वकिलातीविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या दारातून. त्या दारावर भारताचे काटे नव्हते. २०१९चा निकाल पंधरा विरुद्ध एक असा भारताच्या बाजूने लागला. ज्या न्यायालयाचा पाकिस्तानच्या बाबतीतला अधिकार आपण २००० साली नाकारला, त्याचाच आधार आपण सतरा वर्षांनी घेतला. यात बेकायदा काहीच नाही. दोन्ही वेळा भारत कायद्याच्या चौकटीतच होता, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

आता निकालाकडे. १२ एप्रिल १९६०चा निकाल भारताची सरंजामाची बाजू बऱ्याच अंशी उचलून धरतो. सतराव्या कलमाची भाषा सत्ता देणारी नाही आणि सनदांतले शब्द जहागीर वा सरंजामाकडेच बोट दाखवतात, असे न्यायालयाने म्हटले. मुलाखतीत, भाषणात इतकेच सांगितले तर आपण जिंकलो. पण न्यायालय तिथे थांबले नाही. इंग्रज आले, त्यांनी या गावांवरची पोर्तुगीज सत्ता वागण्यातून मान्य केली, आणि स्वतंत्र भारतानेही ती काही वर्षे मूकपणे चालू दिली. म्हणजे सत्ता होती. मुळात वसूल मिळालेला माणूस वहिवाटीने मालक झाला. सव्वाशे वर्षांच्या ये-जा करण्यातून दोन देशांपुरती एक रूढी तयार झाली, आणि तिच्या आधारे नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांना वाटेचा हक्क आहे, असा अकरा विरुद्ध चार मतांनी निर्णय. फौज, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळ्याला तो हक्क नाही. इथे मते आठ विरुद्ध सात. आणि १९५४ची परिस्थिती पाहता भारताने वाट अडवली तेव्हा त्याने आपले दायित्व मोडले नाही. नऊ विरुद्ध सहा.

हक्क आहे, पण तो मोडला गेला नाही. लिस्बनने पहिला भाग छापला, दिल्लीने शेवटचा. भारताने नेमलेले न्यायाधीश एम. सी. चागला यांनी भिन्नमत दिले. पोर्तुगालचे मान्वेल फर्नांडिस यांनीही. दोघांचे भिन्नमत आपापल्या देशाच्या बाजूने. चागला त्या वेळी अमेरिकेत भारताचे राजदूतही होते, ही गोष्ट आज कोणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. त्यांच्या सचोटीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण न्यायाधीशाची खुर्ची आणि राजदूताची खुर्ची एकाच माणसाला देणाऱ्या सरकारला त्या न्यायालयाकडून काय अपेक्षित होते, हे त्यातून कळते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला एक सिद्धान्त वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढे तो वारंवार भेटेल. पाल्मास नावाच्या बेटावरून अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्यात वाद होता. १९२८ साली लवाद मॅक्स हुबर यांनी निवाडा देताना दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. जुन्या काळी मिळवलेला हक्क त्या काळच्या कायद्याने तपासावा, आजच्या नाही. पण तो हक्क पुढे टिकला का, हे बदलत्या कायद्याप्रमाणे पाहावे. भूभागाच्या वादातला प्रत्येक देश या निवाड्याचा अर्धा तुकडा खिशात घालून फिरतो. गोव्याच्या बाबतीत पोर्तुगालने पहिला तुकडा घेतला: १५१० साली जिंकून घेणे कायदेशीर होते, तेव्हा गोवा आमचा. भारताने दुसरा घेतला: १९६० साली वसाहत ठेवणे कायदेशीर राहिले नाही, तेव्हा गोवा तुमचा नाही. उत्तर सीमेवर मात्र आपण १९१४च्या मॅकमहोन रेषेवर उभे राहतो आणि ती इंग्रजी साम्राज्याने आखली म्हणून तिची किंमत कमी होत नाही, असे चीनला सांगतो. तिथे पहिला तुकडा आपल्या खिशात असतो. चीनने काय करावे? तो मॅकमहोन रेषेला वसाहतवादी म्हणून झिडकारतो आणि तिबेटवरचा हक्क मात्र जुन्या साम्राज्याकडून वारशाने घेतो.

१८ डिसेंबर १९६१ची सुरक्षा परिषदेची बैठक या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखी आहे. भारतीय फौजा गोव्यात शिरल्या त्याच दिवशी पोर्तुगालने परिषदेकडे धाव घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे दुसरे कलम बळाचा वापर नाकारते, हा त्याचा मुद्दा. हाच पोर्तुगाल त्याच सनदेच्या त्र्याहत्तराव्या कलमाखाली वसाहतींची माहिती द्यायला वर्षानुवर्षे नकार देत होता. १९५१ साली त्याने राज्यघटना बदलून वसाहतींचे ‘सागरपार प्रांत’ केले होते. नाव बदलले की वसाहत उरत नाही आणि माहितीही द्यावी लागत नाही, असा तो सरळ हिशेब. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कठोर टीका केली. आठच महिन्यांपूर्वी अमेरिकेने क्यूबाच्या किनाऱ्यावर बे ऑफ पिग्जचा उद्योग केला होता आणि त्याचा बचाव संयुक्त राष्ट्रसंघात स्टीव्हन्सन यांनाच करावा लागला होता. ब्रिटन आणि फ्रान्स अमेरिकेच्या ठरावाचे सहप्रायोजक. पाच वर्षांपूर्वी सुएझवर फौजा उतरवणारे हेच दोघे. फौजा मागे घ्या या ठरावाला सात मते पडली, विरोधात चार; त्यातले एक सोव्हिएत रशियाचे, म्हणजे नकाराधिकार. तो रशिया १९५६ साली हंगेरीत रणगाडे घेऊन गेला होता. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी मांडलेला पोर्तुगालची तक्रार फेटाळणारा ठरावही पडला.

भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी बाजू मांडली ती वसाहतमुक्तीची. १९६०च्या डिसेंबरात आमसभेने केलेला १५१४ क्रमांकाचा ठराव आणि त्याच सुमारास गोव्याचे नाव घेऊन झालेला १५४२ क्रमांकाचा ठराव त्यांच्या हातात होते. वसाहतवाद हेच चालू आक्रमण आहे, तेव्हा ते थांबवणे आक्रमण ठरत नाही, असा युक्तिवाद. मला तो नीतीच्या दृष्टीने पटतो आणि कायद्याच्या दृष्टीने त्या दिवसापुरता तोकडा वाटतो. दोन्ही म्हणता आले पाहिजे. लिस्बनमधली सालाझारची राजवट वाटाघाटी करणारी नव्हती, १९५५ साली निःशस्त्र सत्याग्रहींवर तिने गोळ्या चालवल्या होत्या, आणि नेहरूंनी चौदा वर्षे वाट पाहिली होती. गोवा मुक्त झाला हे उत्तम झाले. पण उत्तम झाले म्हणून ते त्या दिवशी कायदेशीरही होते असे म्हणण्याची गरज नाही. आणि तसे म्हटल्याशिवाय आपली देशभक्ती सिद्ध होत नाही असे ज्याला वाटते, त्याला हे पुस्तक जड जाईल.

न्यूयॉर्कमधले हे बोलणे आणि घरातले बोलणे यांत फरक पडला तो याच्याही पुढचा. परिषदेत आपण सांगितले, की गोवा मुळातच भारताचा. आपल्याच मुलखात कोणी परकी फौज नेतो का? पुढे दमणच्या एका व्यापाऱ्याने पोर्तुगीज अमलात १९६१च्या अखेरीस मिळवलेले आयात परवाने मान्य करावेत म्हणून न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला नकार दिला. हा प्रदेश जिंकून घेतला आहे, आणि जिंकणाऱ्या राज्यावर आधीच्या राजवटीने दिलेले हक्क आपोआप बंधनकारक होत नाहीत, असे कारण. १९६९ साली एका गोमंतकीय पाद्र्याचा खटला आला. त्याने पोर्तुगीज नागरिकत्व सोडले नव्हते आणि परवान्याशिवाय गोव्यात राहिल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. गोवा हा ताब्यात घेतलेला प्रदेश आहे, म्हणून जिनिव्हा कराराचे संरक्षण मला मिळावे, असे त्याचे म्हणणे. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी ते फेटाळले: जिंकून सामील करून घेतल्यावर ताबा संपतो, आणि ताबा संपला की जिनिव्हाही संपतो. बाहेर ‘मुक्ती’, आत ‘जिंकलेला मुलूख’. दोन्ही शब्दप्रयोग एकाच राज्याच्या दप्तरात, आठ वर्षांच्या अंतराने. आपला तो बाब्या म्हणतात तो हाच.

दादरा-नगर हवेलीच्या विलीनीकरणाची कथा तर एखाद्या फार्सात शोभावी. १९५४ ते १९६१ हा प्रदेश ना पोर्तुगालचा, ना भारताचा. कारभार वरिष्ठ पंचायतीकडे. हेगचा दावा चालू असताना भारताने हा प्रदेश सामील करून घेणे बरे दिसले नसते. निकालानंतर तो घ्यायचा ठरला, तर करारावर समोरून सही करायला कोणी प्रमुख हवा. म्हणून भारतीय प्रशासकीय सेवेतले के. जी. बदलानी यांनाच त्या प्रदेशाचे प्रमुख केले गेले आणि त्यांनी नेहरूंबरोबर करारावर सही केली. ११ ऑगस्ट १९६१पासून दहाव्या घटनादुरुस्तीने प्रदेश भारतात आला. ज्या राज्याला भारताने राज्य म्हणून कधी मान्यता दिली नाही, त्याच्याशी भारताने करार केला, आणि त्याच्या वतीने सही केली भारताच्याच अधिकाऱ्याने. कायद्याचे सगळे सोपस्कार पुरे झाले.

पोर्तुगालचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. लिस्बनमधली हुकूमशाही १९७४ साली कोसळली आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोर्तुगालने गोव्यावरची भारताची सत्ता मान्य करणाऱ्या करारावर सही केली. पुढे तो पुन्हा हेगला गेला, या वेळी ऑस्ट्रेलियाविरुद्ध. इंडोनेशियाने गिळलेल्या पूर्व तिमोरच्या समुद्रातल्या तेलाचा करार ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाशी केला होता. पोर्तुगालची तक्रार, की त्यात तिमोरच्या जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क तुडवला गेला. न्यायालयाने १९९५ साली स्वयंनिर्णयाचा हक्क साऱ्या जगाला बंधनकारक असल्याचे मान्य केले, पण इंडोनेशिया समोर नसल्याने निकाल द्यायला नकार दिला. चाळीस वर्षांपूर्वी स्वयंनिर्णय हा शब्द ज्या लिस्बनला चालत नव्हता, तेच लिस्बन आता त्याचे वकील. भारत त्या वेळेपर्यंत दुसऱ्या टोकाला पोहोचला होता. १९७९ साली नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारताना भारताने लिहून दिले, की स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखालच्या लोकांपुरताच आहे, सार्वभौम स्वतंत्र देशांतल्या लोकगटांना नाही. काश्मीर आणि ईशान्य भारत डोळ्यांपुढे ठेवून ते वाक्य लिहिले गेले, हे सांगायला नको.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग हा सगळा ढोंगीपणाच. बळी तो कान पिळी. मला ते पुरेसे वाटत नाही. १९६८ साली कच्छच्या रणाचा निवाडा आला तेव्हा सुमारे एक दशांश भाग पाकिस्तानकडे गेला. संसदेत आणि रस्त्यावर प्रचंड विरोध झाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, पण भारताने निवाडा पाळला. २०१४ साली बंगालच्या उपसागरातल्या वादग्रस्त पट्ट्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग लवादाने बांगलादेशाला दिला, तोही पाळला. उलट २०१६ साली दक्षिण चीन समुद्राचा निवाडा फिलिपीन्सच्या बाजूने लागला तर चीनने तो कागदाचा कपटा ठरवला, आणि भारताने त्याला समुद्री कायद्याचा आदर करण्याचा उपदेश केला. त्या उपदेशामागे २०१४चे वजन होते. म्हणजे निवड करणारे राष्ट्रसुद्धा कधी कधी आपल्याविरुद्धचा निवाडा निवडते. का निवडते, हे तपासण्यात खरा रस आहे.

ही प्रस्तावना नंदुरबारातून लिहिली जाते आहे, त्यालाही कारण आहे. आमच्या जिल्ह्याला हद्द कशी आखतात हे शिकवावे लागत नाही. १ मे १९६०ला मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा त्या वेळच्या पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली कितीतरी गावे कायद्याच्या परिशिष्टात घालून गुजरातला दिली गेली. त्यातली बरीच आज तापी जिल्ह्यात निझर-उच्छलकडे आहेत. काही उकाई धरणाच्या पाण्याखाली गेली. तिथले लोक भिली बोलत, मावची बोलत, कोकणी बोलत. भाषावार प्रांतरचनेची मोजपट्टी त्यांच्यावर लावताना ही माणसे मराठी की गुजराती, हे दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने ठरवले. डांगचेही तेच. बेळगावच्या बाबतीत ‘खेडे हा घटक, भाषेचे बहुमत, भौगोलिक सलगता’ ही सूत्रे महाराष्ट्र आग्रहाने मांडतो, २००४पासून त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि ज्या महाजन आयोगाची मागणी त्यानेच केली होती त्याचा १९६७चा अहवाल मात्र त्याला मान्य नाही. कर्नाटकाला तोच अहवाल अखेरचा शब्द वाटतो. राष्ट्रेच कशाला, राज्येही त्याच शाळेत शिकलेली आहेत.

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाकडे आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत, मधून रंगाची रेघ. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. रेल्वे आधीची, हद्द नंतरची. लोक त्यावर बसून फोटो काढतात, आणि गाडी आली की दोन्ही राज्यांतले एकाच डब्यात चढतात.

आणि नर्मदेकाठची हकिकत अधिक कडू आहे. हेगचा खटला चालू असतानाच, १९५८ साली, भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार मान्य केला. आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन वापरतात तिच्यावर त्यांची मालकी, एकेकट्याची असो की गावाची, मान्य करावी, असे त्याचे अकरावे कलम सांगते. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली, पहिले मणिबेली. इथल्या अनेक वनगावांची महसुली मोजणीच झालेली नव्हती. जंगलातले नेवाड, म्हणजे वनजमिनीवरचे शेत, कसणारा माणूस सरकारी कागदावर अतिक्रमणदार होता आणि अतिक्रमणदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन कशी द्यायची? जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफोर्ड मोर्स समितीने १९९२च्या अहवालात हा १०७ क्रमांकाचा करार पुढे केला. मार्च १९९३मध्ये भारताने बँकेचे उरलेले कर्जच सोडून दिले. १९८९ साली आलेला नवा, अधिक कडक १६९ क्रमांकाचा करार भारताने आजवर स्वीकारलेला नाही. लिस्बनला वहिवाटीने सत्ता मिळते, असे हेगच्या न्यायालयाने सांगितले होते. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्याला वहिवाटीने शेतही मिळेना.

दादरा-नगर हवेलीतही बहुसंख्य माणसे वारली, कोकणा, धोडिया. नवापूरच्या कोकणा लोकांची सोयरीच म्हणावीत अशी. चार वर्षांहून अधिक काळ त्यांच्या दारातल्या वाटेवर पंधरा न्यायाधीश, दोन देशांचे वकील आणि युरोपातले नामांकित प्राध्यापक बोलत होते. प्रश्न वाटेचा होता, त्यांचा नव्हता. गोव्यात तरी १९६७ साली जनमतकौल झाला, तोही भारतात राहायचे की नाही यावर नाही, महाराष्ट्रात जायचे की नाही यावर. आणि गोवेकरांनी नको म्हटले तेव्हा इकडच्या अनेकांना ते रुचले नाही.

वाचकांना एक विनंती. पुढील प्रकरणांत पोर्तुगालची बाजू जितक्या विस्ताराने आली आहे तितकी ती मराठीत सहसा येत नाही. ती वाचताना चीड आली तर पाने उलटू नयेत. चागलांचे भिन्नमत जितक्या आपुलकीने वाचाल तितक्याच चिकाटीने फर्नांडिस यांचेही वाचा. पुस्तक संपल्यावर ज्या कसोटीने तुम्ही लिस्बनला तपासले, तीच बेळगावच्या दाव्याला, उकाईच्या गावांना आणि अक्राणीच्या वनजमिनीला लावून पाहा, आणि जिथे ती लावताना हात आखडला, ते पान पुन्हा वाचा.